वाचक विचारतात : देव नाही, पण भजनी मंडळ आहे

प्रश्न : व्हॉट्सॅपवर एक व्हिडिओ आला, वयस्कर माणसं रांगेत उभी राहून कोरस गातायत आणि ऐकणारेसुद्धा सगळे उभे. खाली लिहिलंय यिद्दिश गाणं. आमच्या हरमलला इस्रायली पोरं येतात, ती बोलतात तीच भाषा ना ही? – एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही हो. लिपी तीच, भाषा वेगळी. ती पोरं हिब्रू बोलतात. यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरची बोली, जर्मनच्या जवळची, त्यात हिब्रू आणि पोलिश-रशियन शब्द मिसळलेले. दुसऱ्या महायुद्धाआधी एक कोटीच्या आसपास लोक ती बोलायचे. ते तिला मामे-लोशन म्हणतात, म्हणजे आईची भाषा, आणि हिब्रू ती पोथीची. 'ही काय भाषा आहे, ही तर बोली' असं यिद्दिशलाही खूप ऐकावं लागलं, शेवटी 1908 साली चेर्नोवित्सला (आता युक्रेनमध्ये) परिषद भरली तिथे भांडण एवढ्यावर की यिद्दिश ज्यूंची 'राष्ट्रभाषा' म्हणायची की 'एक राष्ट्रभाषा', आणि ठराव 'एक'वर झाला. गोंयच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपण कोकणी-मराठीवरून 1987 च्या राजभाषा कायद्यावर अजून चहाच्या टेबलावर भांडतो.

तुम्ही पाठवलेलं गाणं हिर्श ग्लिकचं. विल्नाच्या (आजचं विल्निअस) घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना डांबलेल्या वस्तीत, 1943 साली, वय जेमतेम विशीचं, वॉर्सा घेट्टोत लोक हत्यार घेऊन उठल्याची बातमी आली तेव्हा लिहिलं, आणि चाल घेतली पोक्रास बंधूंच्या एका सोव्हिएत गाण्याची. ते लागलं की लोक उभे राहतात, तशी रीतच पडलीय.

प्रश्न : अशी यिद्दिश गाणी गाणारे अमेरिकेतले ग्रुप कम्युनिस्ट होते असं वाचलं. कम्युनिस्टांना देव नको, मग ज्यू कसले? आणि कामगार माणसं चार सुरांत कशी गायची? – भजनी मंडळातला एक पेटीवाला, फोंडा

उत्तर : पेटीवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच मंडळात आहे. सप्ताहाला येणारे सगळेच काय देवासाठी येतात? निम्मे तालमीसाठी येतात, चार माणसं भेटतात, चहा होतो, कोणाची पोर लग्नाची आहे ते कळतं. यांनी देव काढला आणि बाकी सगळं ठेवलं.

मुळात 1897 साली विल्नामध्ये बुंड नावाची ज्यू कामगारांची पार्टी निघाली, यिद्दिश हीच आपली भाषा म्हणणारी. तिथले लोक अमेरिकेत गेले ते शिवणकामाच्या कोंदट खोल्यांत, दिवसाचे बारा-बारा तास मशीनवर. त्यांचे कवीसुद्धा तिथलेच. डेव्हिड एडेलश्टाट काजं शिवायचा आणि क्षयाने 26 व्या वर्षी गेला, मॉरिस रोझेनफेल्डही शिंपीकाम करणारा. 1911 साली न्यू यॉर्कच्या ट्रायँगल कारखान्यात आग लागली, दारं कुलूपबंद, 146 जण मेले, जास्त करून ज्यू आणि इटालियन पोरी. अशा वस्तीत गाणं हा टाइमपास नव्हता.

शिकागोत 1914 साली याकोब शेफर नावाच्या सुताराने कोरस उभा केला, पुढे अशा कोरसना फ्राइहाइट गेझांग फराइन म्हणायला लागले, फ्राइहाइट म्हणजे स्वातंत्र्य. न्यू यॉर्क, टोरोंटो, सगळीकडे निघाले. बऱ्याच जणांना नोटेशन वाचता येत नसे, मग प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी बसवून कानाने पाठ करायची, तुमचे बुवा करतात तसं, फक्त इथे सगळे एक चाल धरत नाहीत. आपल्याकडे लाल बावटा कलापथकात अमरशेख, अण्णाभाऊ गायचे तेव्हा मागे झील होतीच, पण ते शाहिराच्या भोवती. इथे शाहीरच नाही, सगळी झील. मला हेच जास्त आवडतं.

प्रश्न : मग संपलं कशाने? – माशेलहून

उत्तर : दोन गोष्टींनी, आणि पहिली ऐकून हसू येईल. अमेरिकेतले यातले बरेच कोरस ज्या इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डरशी जोडलेले होते ती 1930 साली निघालेली संस्था मुळात विमा द्यायची. आजारपण, डॉक्टर, मयताचा खर्च. लोक हप्ता भरायला यायचे आणि गायला थांबायचे, दीड लाखाच्या वर मेंबर झाले. मॅकार्थीच्या काळात, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड चालली होती तेव्हा, सरकारने ती बंद कशी केली? न्यू यॉर्कच्या विमा खात्याकडून! पैशाचा हिशोब चोख होता, पण राजकारणामुळे विमेदारांना धोका आहे म्हणे, आणि 1954 पर्यंत सगळं गुंडाळलं.

दुसरी गोष्ट मात्र यांच्या स्वतःच्या डोळ्यांवरची पट्टी, आणि ती मी माफ करणार नाही. मॉस्को म्हणेल ते खरं असं मानून बसलेले. 12 ऑगस्ट 1952 ला स्टालिनने 13 ज्यूंना गोळ्या घातल्या, त्यात यिद्दिशचे मोठे कवी होते, पेरेत्स मार्किश, इत्सिक फेफर. यांचेच कवी! त्याआधी 1949 साली पॉल रोबसन या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकाने मॉस्कोच्या कॉन्सर्टमध्ये ग्लिकचं तेच गाणं यिद्दिशमध्ये म्हटलं, फेफर तेव्हा तुरुंगात होता आणि रोबसनने स्टेजवरून त्याचं नाव घेतलं. पण अमेरिकेत परत आल्यावर रोबसन फेफरच्या तुरुंगाबद्दल उघड बोलला नाही. 1956 साली खरं बाहेर आलं तेव्हा घराघरांत फूट पडली.

प्रश्न : गोव्यात यिद्दिश ज्यू होते का? – म्हापसा

उत्तर : पोर्तुगिजांच्या काळात आलेले वेगळे, इबेरियातून आलेले, यिद्दिशशी संबंध नाही. गार्सिया द ओर्ता आठवा, 1563 साली गोव्यात औषधांवरचं पुस्तक छापणारा ज्यू घराण्यातला वैद्य, मेल्यावर 1580 साली इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. मराठी बोलणारे ज्यू बघायचे तर रायगडचे बेने इस्रायल, त्यांची तर मराठीत कीर्तनं आहेत.

प्रश्न : आता ही गाणी गातं कोण? – पेटीवाले, परत एकदा

उत्तर : न्यू यॉर्कचा जुना कोरस अजून आहे, नाव बदललंय. टोरोंटोचा 1925 पासूनचा आहे. गाणाऱ्यांत यिद्दिश न येणारे पुष्कळ, काही तर ज्यूसुद्धा नाहीत. शब्द रोमन अक्षरांत लिहून देतात, अर्थ शेजारी. लोकांना हे विचित्र वाटतं, पण आपल्या गावांत घरात कोकणी बोलणारी पोरं तुकोबाचा अभंग म्हणतात आणि चर्चमध्ये कॉयर लॅटिन म्हणते, आपल्याला कुठे विचित्र वाटतं. पेडण्याच्या वाचकांनी तो व्हिडिओ परत लावून बघावा, पुढच्या रांगेतली आजी दर ओळीला हातातल्या कागदाकडे बघते, पण शेवटचं कडवं आलं की कागद खाली करते.