दोराची दोन टोकं

प्रश्न: आदरणीय ताई, माझं वय 27. शाळेपासूनची मैत्रीण आणि मी जानेवारी ते मार्च न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पाठीवर सॅक टाकून हिंडणार आहोत. ट्रेकही करायचेत आणि क्लाइंबिंगही. ती सह्याद्रीत लीड करते, म्हणजे दोर घेऊन पुढे चढते. मी वर्षभर कृत्रिम भिंतीवर चढतेय, बाकी अनुभव पावागडच्या पायऱ्यांचा. ती म्हणते, "तू फक्त बिले दे, बाकीचं मी बघते." बिले म्हणजे खाली उभं राहून चढणारीचा दोर सांभाळणं. तिचं वजन 68 किलो, माझं 49. आईला अपघाताची काळजी आहे. मला भीती वाटते की तीन महिने मी तिच्यामागे फरफटत जाईन आणि आमचं बिनसेल. काय तयारी करू?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर: "तू फक्त बिले दे" या वाक्यावर मी थांबले. बिलेमध्ये "फक्त" असं काही नसतं गं. वर तिचा पाय सुटला की तिचा जीव तुझ्या हातात. म्हणून निघण्याआधी तिचं लीड किती चांगलं आहे हे बघण्यापेक्षा तुझा बिले किती पक्का आहे हे बघा, आणि तेही खऱ्या कातळावर. गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्था माउंट अबूला आहे, आपल्या बडोद्याहून रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर. तिथे प्रस्तरारोहणाचे वर्ग चालतात. दोघी मिळून जा. मी स्वतः अबूच्याच ग्रॅनाइटवर शिकले.

तुमच्या वजनातला 19 किलोंचा फरक लहान नाही. ती पडली की तू जमिनीवरून उचलली जाशील, कातळावर आपटशील, आणि त्या क्षणी दचकून हात सुटला तर सगळंच संपलं. पहिल्या बोल्टला, म्हणजे कातळात ठोकलेल्या दोर अडकवायच्या खिळ्याला, लावायचं, दोराचं घर्षण वाढवणारं एक उपकरण मिळतं, ते घ्या. भिंतीला लागून उभी राहा, लांब नको. आणि ती मुद्दाम पडेल, तू धरशील, असा सराव इथेच पुन्हा पुन्हा करा, तुझ्या अंगातली दचक जाईपर्यंत. आणखी एक गोष्ट कधीही विसरू नका: दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ. रूट, म्हणजे चढाईचा मार्ग, दोराच्या निम्म्या लांबीपेक्षा मोठा असला, तर चढणारीला खाली सोडताना ते टोक बिलेच्या उपकरणातून निसटतं आणि ती खाली येते. असे अपघात अनुभवी लोकांचेही झालेत, आणि एका गाठीने ते टळतात.

आता मैत्री. माझं ठाम मत आहे की लांबच्या प्रवासात मैत्री तुटते ती दमल्यामुळे कमी आणि न बोलल्यामुळे जास्त. म्हणून निघण्याआधी एका संध्याकाळी कमाटीबागेत बसा आणि एक गोष्ट ठरवून टाका: दोघींपैकी जी "नको" म्हणेल, तिचं चालेल. कारण लगेच विचारायचं नाही. रात्री स्वयंपाक करताना विचारा हवं तर. कातळाखाली उभं राहून कारण मागितलं की दुर्बळ बाजूची माणसं खोटं "हो" म्हणतात, आणि तू म्हणशील हे तुझ्या पत्रावरूनच दिसतंय. दर काही दिवसांनी एक दिवस वेगवेगळ्या राहा. तिला अवघड रूट करायचा असेल तर तिथल्या क्लाइंबर्समध्ये तिला जोडीदार मिळेल. तू त्या दिवशी कुठल्याशा तळ्याकाठी चाल. पैशांचा सामाईक डबा ठेवा, पण विमा, कार्ड आणि परतीचं तिकीट प्रत्येकीचं आपलं आपलं.

सुरुवात सोप्यापासून करा. क्राइस्टचर्चपासून साधारण 100 किलोमीटरवर कुरा ताव्हिती आहे, कॅसल हिल म्हणतात ते. चुनखडीचे गोल गुळगुळीत दगड, दोर नाही, खाली गादी टाकून बोल्डरिंग. तिथे हाताच्या ताकदीपेक्षा पाय कुठे ठेवता याला महत्त्व, त्यामुळे तू तिच्या फार मागे पडणार नाहीस. न्गाई ताहू या माओरी लोकांना ती जागा पवित्र आहे, तेव्हा तसंच वागा. दोराचं क्लाइंबिंग करायला ताकाकाजवळ पेन्स फोर्ड आहे, बोल्ट मारलेली चुनखडी. वानाकालाही भरपूर रूट आहेत. आओराकीचा, म्हणजे माउंट कुकचा बर्फ मात्र या खेपेला लांबूनच बघा. 3724 मीटर म्हणजे हिमालयापुढे काय, असं वाटेल. पण हिलरी 1948 मध्ये त्याच्या दक्षिण धारेने चढले, आणि एव्हरेस्टआधी त्यांचे हातपाय याच पहाडांत तयार झाले. हिमनदीच्या भेगा, कोसळणारा बर्फ, तासाभरात फिरणारं हवामान. बर्फाचं शिक्षण आणि गाइड नसेल तर तिथे काम नाही.

आणि खरं सांगू? मला तुमच्या कातळापेक्षा नद्यांची जास्त काळजी आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे बुडून इतकी माणसं जात, की त्या मरणाला लोक "न्यूझीलंडचं मरण" म्हणत. बऱ्याच पायवाटांवर आजही पूल नाहीत. विश्वामित्रीचा पूर आपण गच्चीवरून पाहिलाय, दिवसेंदिवस न ओसरणारा. तिथल्या डोंगरी नद्या वेगळ्या. पावसात तासाभरात चढतात आणि पाऊस थांबला की बऱ्याचदा काही तासांत उतरतात. म्हणून थांबणं हाच उपाय. एक जेवण जास्तीचं बरोबर ठेवा आणि पाणी गढूळ दिसलं, दगड गडगडल्याचा आवाज आला, की काठावर बसून राहा. ओलांडायचीच असेल तर जी ताकदवान ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दोघींनी एकमेकींच्या सॅकचे पट्टे धरायचे आणि छातीवरचा पट्टा सोडायचा.

मुक्कामाला तिथल्या संवर्धन खात्याच्या साडेनऊशेहून अधिक हट आहेत. पुष्कळ ठिकाणी एकच पास चालतो. प्रसिद्ध वाटांवरच्या जागा मात्र फार आधी भरतात. बूट रात्री बाहेर ठेवू नका. किआ नावाचा डोंगरी पोपट ते फाडून ठेवतो.

आईसाठी: प्रत्येक ट्रेकच्या आधी तिला लेखी कळव, कुठली वाट, कधी परत, आणि अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. तिथलं उन्हाळ्यातलं घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेसात तास पुढे असतं, इथे सकाळचे सात म्हणजे तिथे दुपारचे अडीच. संकटात उपग्रहाला हाक देणारा बीकन भाड्याने मिळतो, तो घ्याच. दुर्गम दऱ्यांत फोनला रेंज नसते. दोघी वेगळ्या झालात तर डोंगरात जाणारीकडे बीकन. अपघातातल्या इजेवरच्या उपचारांना एसीसी ही तिथली सरकारी योजना पाहुण्यांनाही मदत करते. पण आजारपण, किंवा माणसाला घरी आणण्याचा खर्च त्यात नाही. तेव्हा विमा हवाच, आणि पॉलिसीतली न मिळणाऱ्या गोष्टींची यादी आधी वाच. दोर वापरून केलेलं क्लाइंबिंग बऱ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं.

प्रश्न: माझा मुलगाही मित्राबरोबर तिकडेच चाललाय. आम्ही शाकाहारी. बरोबर थेपले, लीलो चेवडो, लोणचं आणि घरचा मध देऊ का?
— एक आई, दांडिया बाजार

उत्तर: मध अजिबात नको, ताई. तो तिथे नेताच येत नाही. ताजी फळंही विमानातच संपवायला सांगा. बाकी जे काही खाण्याचं असेल ते उतरताना अर्जावर लिहायचं, अगदी चेवड्याची पुडीसुद्धा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. वापरलेले बूट आणि तंबूही लिहावे लागतात. मातीतून बी किंवा रोग येऊ नये म्हणून ते तपासतात. तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात बुटांचे तळवे ब्रशने घासून, धुऊन, नीट वाळवून द्या. मूगडाळ आणि तांदूळ तिथल्या मोठ्या गावांत सहज मिळतात, त्यांचं ओझं कशाला? मसाल्याचा छोटा डबा, बंद पाकिटातला, तेवढा द्या. लिहायचा तोही. चुलीचा गॅस तिथेच घ्यायला सांगा, विमानात तो कुठल्याच बॅगेत चालत नाही.

प्रश्न: काकांचा जुना क्लाइंबिंग रोप माळ्यावर सापडला. कधीच वापरलेला नाही, अगदी नवा दिसतो. परदेशात न्यावा का?
— रावपुऱ्यातला एक विद्यार्थी

उत्तर: नाही. नायलॉन नुसतं पडून राहूनही म्हातारं होतं. बहुतेक उत्पादक न वापरलेल्या दोरालाही जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, आणि आपल्या माळ्यावरचा मे महिना तुला माहीतच आहे. शिवाय तिथे कुणी रंगाचा डबा किंवा बॅटरीचं आम्ल ठेवलं होतं का, हे आता कोण सांगणार? त्याचे तुकडे कर, गाठी शिकायला ते उत्तम. माझ्या वर्गात असेच तुकडे वापरते. चढायला मात्र यूआयएए किंवा ईएन 892 या सुरक्षा-मानकाची खूण असलेला नवा दोर घे, आणि विकत घेतल्याची तारीख टोकाच्या पट्टीवर लिहून ठेव.