प्रार्थना नेमकी कोणाला?

वाचकांचे प्रश्न : या अंकात ख्रिस्ती लोकांचा जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, आणि त्यांची उपासना. उत्तरे देत आहेत जालन्याच्या एक निवृत्त मराठी शिक्षिका. त्या तीस वर्षांहून अधिक काळ चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे बायबल शिकवण्याचा वर्ग, घेत आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी परतूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा खोलीतला मित्र ख्रिस्ती आहे. त्याच्या बायबलचा अर्ध्याहून जास्त भाग म्हणजे यहुद्यांचाच ग्रंथ, असं तो सांगतो. त्यात तर देव एकच असं ठणकावून म्हटलंय. मग तुम्ही येशूची प्रार्थना कशी करता? आणि त्यातल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात मुळात ‘कुमारी’ शब्दच नाही, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं काय?

उत्तर : बाळा, यशयापासून सुरू करते, कारण त्याच वचनावर मी एकदा निरुत्तर झाले होते.

बी.एड. झाल्यावर तीन वर्षं मी मुंबईत एका शाळेत होते. शिक्षकखोलीत माझ्या शेजारी बेने इस्राएल समाजाच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी, एक बाई बसायच्या. मूळच्या अलिबागकडच्या, घरात बोलणं मराठीच. नाताळच्या कार्यक्रमासाठी मी यशया ७:१४ वहीत उतरवत होते : कुमारी गर्भवती होईल, मुलाचं नाव इम्मानुएल ठेवील. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “पुढच्या दोन ओळीपण वाच की गं.” वाचल्या. तो मुलगा दही नि मध खाईल, आणि त्याला बरंवाईट कळायच्या आत, ज्या दोन राजांना तू भितोस त्यांचा देश ओसाड पडेल. “कोणते दोन राजे?” त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. लहानपणापासून चौदावं वचन तोंडपाठ, आणि पंधरावं कधी उघडून पाहिलेलं नाही!

ते राजे म्हणजे अरामाचा रसीन आणि उत्तरेकडच्या इस्राएलचा पेकह. इसवी सनापूर्वी ७३५च्या सुमारास दोघांनी मिळून यरुशलेमवर चाल केली. यरुशलेम ज्याची राजधानी त्या यहूदा राज्याचा राजा आहाज घाबरला, तेव्हा यशयाने त्याला हे चिन्ह दिलं. म्हणजे वचन आधी आहाजच्या काळासाठी आहे. मूळ हिब्रू शब्द ‘आल्मा’, अर्थ तरुण मुलगी. व्हिडिओतलं तेवढं बरोबर. पण ‘कुमारी’ ख्रिस्ती लोकांनी घुसवला, हे बरोबर नाही. येशूच्या आधीच ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी आपल्या ग्रंथाचं ग्रीक भाषांतर केलं होतं. त्यात इथे ‘पार्थेनोस’ आहे, आणि त्याचा नेहमीचा अर्थ कुमारी. मत्तयाने शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, ग्रीकमध्ये लिहिताना येशूच्या जन्माबद्दल तेच वचन नि तोच शब्द घेतला. आपल्या मराठीतही बघ, हजेरीपटावर मुलीच्या नावामागे ‘कु.’ लिहितो तेव्हा आपण एवढंच सांगत असतो की लग्न व्हायचंय.

मत्तय म्हणतो की हे वचन ‘पूर्ण झालं’. तिथल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ भरणं. आपल्याकडे पायलीत ज्वारी भरतात तसं समज. तळाशी आधी पडलेले दाणे आहाजच्या दिवसांचे. ते कोणी उपसून टाकत नाही, वर भर पडत जाते आणि शेवटी पायली शिगेला येते. आम्ही ख्रिस्ती लोक ती शीग येशूत पाहतो. यहुदी तसं पाहत नाहीत, आणि ते वाचन अडाणीपणाचं नाही. ‘यहुद्यांना त्यांचाच ग्रंथ कळला नाही’ असं कोणी उपदेशपीठावरून म्हटलं की माझ्या जिवाला लागतं. असल्या बोलण्यापायी युरोपात शेकडो वर्षं माणसं मारली गेली.

दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या माणसाने हिब्रू ग्रंथ टाकूनच द्या असं सुचवलं होतं. मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समाजाने, ग्रंथ ठेवला आणि मार्कियोनला बाहेर काढलं. फक्त मांडणी वेगळी झाली. यहुद्यांची २४ पुस्तकं म्हणजेच आम्हा प्रोटेस्टंटांची ३९, मजकूर तोच. त्यांचा ग्रंथ इतिहासाच्या पुस्तकाने संपतो, यरुशलेमला परत जा या इराणच्या कोरेश राजाच्या परवानगीवर. आमचा जुना करार मलाखीच्या पुस्तकावर संपतो, एलिया संदेष्टा परत येण्याची वाट पाहत. शेवटचं पान बदललं की सगळ्या गोष्टीचं तोंड दुसरीकडे वळतं.

आता तुझा मोठा प्रश्न. ‘हे इस्राएला, श्रवण कर’, आपला देव एकच, हे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन येशू स्वतः सर्वांत मोठी आज्ञा म्हणून सांगतो. तो यहुदी होता, स्तोत्रं म्हणतच वाढला. ती आज्ञा आम्ही सोडलेली नाही. आता स्तोत्र ११० उघड : “परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो, माझ्या उजवीकडे बस.” हिब्रूत इथे दोन वेगळे शब्द आहेत, एक देवाचं नाव आणि एक ‘माझा धनी’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘लॉर्ड’ येतं आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. आपल्या मराठीत मात्र परमेश्वर वेगळा नि प्रभू वेगळा, चटकन कळतं. येशूच्या पहिल्या शिष्यांनी हा उजवीकडे बसलेला प्रभू म्हणजे येशू असं मानलं. यशया ४५ मध्ये देव म्हणतो, प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिताना तेच शब्द येशूला लावतो, पण वाक्य संपवतो ‘देवपित्याच्या गौरवासाठी’ असं. माझ्या मते सगळं त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. भक्ती येशूपाशी अडून राहत नाही.

म्हणून रविवारी आमची प्रार्थना पित्याला असते, येशूच्या नावाने, पवित्र आत्म्याच्या साहाय्याने. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही येशूनेच शिकवलेली. थेट येशूलाही हाक मारतो. येशूच्या सुरुवातीच्या अनुयायांपैकी स्तेफनाने, लोक त्याला दगडांनी मारत असताना, मारली होती. पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा असे तीन देव मात्र आम्ही मानत नाही. हे नीट शब्दांत बसवायला मंडळीला ३२५ सालच्या निकियाच्या परिषदेपर्यंत आणि पुढेही झगडावं लागलं, तेव्हा तुला एका दमात उमगलं नाही तर खंत करू नकोस.

प्रश्न : ताई, आमच्या अंबड भागातले ख्रिस्ती लोक सुगीनंतर चर्चमध्ये धान्य नेतात. ही आपली गावाकडची पद्धत की बायबलमधली?

उत्तर : दादा, दोन्ही. आमच्याकडे हंगामाच्या सणाला सोयाबीनची पिशवी, बाजरी, कापसाचं बोचकं, पाय बांधलेली कोंबडी, सगळं वेदीपुढे येतं. मागे एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून पाच अंडी सोडली होती, एकही फुटलेलं नव्हतं. उपासनेनंतर लिलाव होतो.

अनुवाद २६ मध्ये हेच आहे. पहिलं पीक टोपलीत घालून आणायचं, याजकाने ते वेदीपुढे ठेवायचं, आणि आणणाऱ्याने म्हणायचं : माझा मूळ पुरुष भटकणारा अरामी होता, मिसरात (इजिप्तमध्ये) आम्ही गुलाम होतो, देवाने सोडवलं. हेच शब्द यहुदी लोक वल्हांडणाच्या, म्हणजे त्या सुटकेच्या सणाच्या, रात्री घरी उलगडून सांगतात. त्याच अध्यायात पुढे आहे की या आनंदात तुमच्यात राहणारा परकाही असू द्या. तेव्हा यंदा बोलावलं तर जरूर जा. आणि जालन्याजवळ बेथेल गाव आहे ना, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं, ते नावही जुन्या करारातल्या याकोबाच्या गोष्टीतलं, हिब्रूच. अर्थ देवाचं घर.

प्रश्न : चर्चमध्ये कोणत्या दिशेला तोंड करून बसतात? मी हिंगोलीची. एकदा येऊन पाहीन म्हणते.

उत्तर : ताई, जुन्या करारातला दानिएल यरुशलेमकडची खिडकी उघडून प्रार्थना करायचा, आणि सिनॅगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, आजही तोंड यरुशलेमकडे असतं. जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला, उगवतीकडे. आमची जागा मिळाली तशी बांधली, त्यामुळे उत्तरेला. उपासना ‘या डोंगरावर की यरुशलेमात?’ असं विहिरीवरच्या शोमरोन प्रांतातल्या बाईने येशूला विचारलं होतं, आणि त्याने दोन्ही सोडून ‘आत्म्याने व खरेपणाने’ असं सांगितलं. या तुम्ही. साडेनऊला सुरू होतं, बायका डावीकडे सतरंजीवर बसतात, चपला दाराशी काढायच्या. पहिलं गीत उभं राहून म्हणतो, पुस्तक शेजारची बाई देईल.