१२ दिवसांची सर्दी आणि आता सुजलेला डोळा

ताई, ६ वर्षांच्या लेकराला १२ दिवस सर्दी, काल रात्रीपासून ताप, आज डावी पापणी सुजून लाल. आणि मेडिकलवाल्याने ‘डोळे आलेत’ म्हणून ड्रॉप दिले, असं तुम्ही लिहिलंय. डोळे आले की बहुतेक वेळा पांढरा भाग लाल होतो, चिपडं येतात. लांबलेल्या सर्दीनंतर एकाच बाजूची पापणी सुजली तर सायनसचा (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळीचा) संसर्ग डोळ्यापर्यंत गेलाय का, हे आजच डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं. दोन डोळ्यांच्या मधलं एथमॉइड सायनस जन्मापासून असतं आणि ते व डोळ्याची खोबण यांच्यात कागदासारखं पातळ हाड असतं.

निघायच्या आधी दोन मिनिटं लेकराला उजेडात बसवा. पापणी हळूच उघडा, डोकं न हलवता तुमच्या बोटाकडे वर-खाली, डावी-उजवीकडे बघायला सांगा. डोळा पूर्ण फिरत नाही, फिरवताना दुखतं, एकाचे दोन दिसतात किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटतो? मग एक-एक डोळा झाकून कुंकवाचा करंडा दाखवा. सुजल्या डोळ्याला लाल रंग फिका दिसला, तर दृष्टीच्या नसेवर दाब असू शकतो. यातलं एकही असेल तर वाट बघायला वेळ नाही. सगळं ठीक वाटलं तरी आजच दाखवा, सुरुवातीला वरवरची आणि आतली सूज सारखीच दिसते.

डोकं असह्य दुखणं, सारख्या उलट्या, मान ताठ, गुंगी, झटका ही मेंदूकडची लक्षणं. तेव्हा थेट १०८. मोठ्या मुलांत कपाळावर मऊ, दुखरी सूज आली तर ती टेंगूळ समजू नका, आत हाडाला संसर्ग असू शकतो.

केजहून अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडेल. बालरोग, कान-नाक-घसा आणि डोळ्यांचे, तिघांनीही बघावं असा आग्रह धरा. शिरेतून अँटिबायोटिक आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन होतो. लहान मुलांत डोळ्याच्या खोबणीत पू साठून झालेला छोटा गळू कधी २४ ते ४८ तास नजरेखाली औषधांनीच बसतो. नजर कमी होत असेल किंवा गळू मोठा असेल तर ऑपरेशनने पूचा निचरा करावाच लागतो.

शेक, नाकात तेल, उरलेलं अँटिबायोटिक, काहीच नको. ते ड्रॉप बंद करा, पण बाटली सोबत न्या. त्यात स्टिरॉइड आहे का ते डॉक्टर बघतील. लसीकरणाचं कार्डही घ्या. वाटेत खाऊ घालू नका, भूल द्यावी लागू शकते. शेवटचं किती वाजता खाल्लं ते लिहून ठेवा.