कच्छमधल्या मांडवीला नदीकाठी मोठी लाकडी जहाजं बांधतात, हे काम किती जुनं आहे?

चारेकशे वर्षं तरी धरा. मांडवी गाव कच्छच्या राव खेंगारजी पहिले यांनी वसवलं ते १५८० च्या सुमाराला, तेही रुक्मावती नदी समुद्राला मिळते बरोब्बर तिथे, म्हणजे डोळा बंदरावरच होता. तिकडचे गाईड पाच मिनिटांत सांगतात की वास्को द गामाला आफ्रिकेतून कालिकतला आणणारा कानजी मालम इथलाच. आता गामा आला १४९८ ला, गाव वसायच्या ऐंशी वर्षं आधी, हिशोब तुम्हीच करा :) रामसिंह मालम मात्र खराखुरा, अठराव्या शतकात हॉलंडला पोचला, काचकाम, मीनाकारी, घड्याळं शिकून आला आणि भुजचा आयना महाल उभा केला.

आम्ही रणोत्सवाला गेलो तेव्हा वाट वाकडी करून गेलो होतो. ओहोटी होती, नदी म्हणजे नुसता चिखल आणि काठावर दोन-तीन मजली सांगाडे टेकू देऊन उभे. मी मिस्त्रींना विचारलं नकाशा कुठाय, तर म्हणाले नकाशा कसला, पठाण केवढं टाकलं त्यावर बाकी सगळं ठरतं. पठाण म्हणजे तळाचा कणा, आजोळ देवगडचं असल्याने शब्द ओळखीचा निघाला, एकदम घरच्यासारखं वाटलं. फळ्या मलेशियातून येणाऱ्या साल नावाच्या झाडाच्या लाकडाच्या, पण आतल्या बरगड्यांना बाभूळ, कारण तिच्या फांद्या मुळातच वाकड्या, जहाजाला हवा तो बाक झाडच देतं. एक म्हातारेबाबा कापसाची समईला करतो तशी पण बोटभर जाड वात वळून फळ्यांच्या फटीत छिन्नीने ठोकत बसले होते, टक टक टक, अर्ध्या तासात हातभर पुढे सरकले असतील. एका जहाजाला दोन-तीन वर्षं का लागतात ते तिथेच कळलं. तयार झालं की अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती गाठून पाण्यात ढकलतात आणि बऱ्याचदा ओढत दुबईला नेतात, इंजिन तिकडे बसतं.

आधी आगबोटींनी धंदा खाल्ला, मग फाळणीत कराची गेलं म्हणून सरकारने कांडला उभारलं, ते १९५५ ला मोठं बंदर झालं आणि मांडवीचा माल तिकडे वळला. तरी बांधणी चालूच आहे, कारण सोमालिया वगैरेच्या उथळ बंदरांत कंटेनरवालं जहाज शिरतच नाही, तिथे तांदूळ-साखरेची पोती न्यायला हीच लागतात.