वावरातल्या रात्रीच्या कॅमेऱ्याबद्दल

भाऊ, मेगापिक्सेल नंतर बघा. आधी धुऱ्यावर उभं राहून कोणत्या सिमला रेंज आहे ते तपासा, आणि अपलोड स्पीड मोजा. वायफायवाला कॅमेरा वावरात कामाचा नाही. 4जी सिम, सोलर पॅनल आणि मेमरी कार्ड असलेलाच घ्या.

रात्रीसाठी कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे 850 नॅनोमीटरचे (उजेडाच्या लहरीची लांबी) असले तर दूरवर दिसतं, पण बारीक लाल ठिपका चोरालाही दिसतो. 940 चे दिसत नाहीत, पल्ला मात्र कमी. मोटारपंप-केबलच्या राखणीसाठी 940 जवळ लावा. रोही (नीलगाय)-डुकरांसाठी 850 चालतो.

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर उष्णतेतला फरक पकडतो. मे महिन्यात संध्याकाळी जमीनच अंगाइतकी तापलेली असते, म्हणून तो चुकतो. कॅमेरा बिघडला समजून परत करू नका. माणूस सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला तरी उशिरा कळतं. म्हणून वाटेच्या बाजूला असा लावा की माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल.

खांब 10 फूट, पॅनल दक्षिणेकडे, साधारण 20 अंश कललेलं. पावसाळ्यात आभाळ आठवडाभर हटत नाही, तेव्हा बॅटरीत कंजुषी नको. काचेवरचं कोळ्याचं जाळं पुसत राहा, रात्री पांढरं धुकं दिसतं ते त्याचंच.