घर तुमचंच, मग करमत का नाही?

वाचकांचे प्रश्न आणि एका इंटिरियर डिझायनरची उत्तरं

या वेळची पत्रं वरवर रंगांची, पडद्यांची, सोफ्यांची आहेत. पण बहुतेकांनी शेवटच्या दोन ओळींत खरं काय ते लिहिलं आहे. मी उत्तरं त्या दोन ओळींना दिली आहेत.

प्रश्न : नव्या घराचं इंटिरियर होऊन वर्ष झालं. येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘अगदी हॉटेलसारखं झालंय!’ पण हॉलमध्ये मला बसवत नाही. संध्याकाळी मी बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला, खिडकीपाशी जाऊन बसते. एवढा खर्च करून घरात करमत नाही, हे नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगू?

हॉटेल कोणाचंच घर नसतं, म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना आवडतं. पाहुण्यांनी कौतुक करता करता तुमच्या घराची गोम सांगून टाकली आहे.

पलंगाच्या त्या कडेला जाऊन जरा नीट बघा. पाठीला भिंत आहे ना? उजेड एका बाजूने येतो? दारातून कोण आलं ते मान न वळवता दिसतं? जे ॲपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडलं होतं की माणसाला लांबवरचं दिसेल पण पाठ झाकलेली राहील, अशी जागा मनापासून आवडते. त्याने लिहिलं ते मोकळ्या निसर्गाविषयी, पण ते सोफ्यालाही तंतोतंत लागू पडतं. आता तुमचा हॉल. न बघता सांगते : सोफा टीव्हीकडे तोंड करून खोलीच्या मधोमध, पाठ पॅसेजकडे, आणि डोक्यावर फॉल्स सीलिंगमधले दिवे एकजात सगळे लागलेले. पाठीमागून माणसं ये-जा करत असताना कुणाचं मन स्थिर राहील?

एका निवृत्त आराखडाकारांसाठी मी अभ्यासिका केली होती. भिंतभर पुस्तकांचं कपाट, त्यात दिवे, फिरती खुर्ची. काम झाल्यावर सहज भेटायला गेले, तर गृहस्थ पॅसेजमध्ये चपलांच्या बुटक्या कपाटावर बसून शब्दकोडं सोडवत होते. तिथे हातभर रुंदीची खिडकी होती आणि तिच्यातून फाटक दिसायचं. कपाटाच्या झाकणाची कड त्यांच्या बसण्याने गुळगुळीत झाली होती, शेजारी भिंतीवर पेन्सिलने उत्तरांच्या अक्षरांची जुळवाजुळव केलेली. अभ्यासिकेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ‘छानच आहे, पण तिथे गेलं की काहीतरी मोठं काम करायला हवं असं वाटतं,’ म्हणाले. मग त्या कपाटालाच पाठ टेकायला एक फळी लावली, वर गादी शिवून घेतली, बाजूला एक दिवा. माझ्या मते त्या घरातलं सगळ्यात जमलेलं काम तेच.

दुसरी गोष्ट वस्तूंची. शिकागोमध्ये ८२ कुटुंबांतल्या ३१५ जणांना संशोधकांनी विचारलं होतं की तुमच्या घरात तुमच्या दृष्टीने खास वस्तू कोणत्या, आणि का. १९८१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक बोलले ते आठवणींविषयी : ही कोणी दिली, ही कुठल्या प्रवासातली, ही कुणाच्या हातची. आता तुमच्या हॉलमधल्या एखाद्या शोपीसकडे बघून त्याच्याविषयी सलग दोन मिनिटं बोलून दाखवा. डिझायनरने एका दुपारात आणलेल्या वस्तूंविषयी तुम्ही बोलणार तरी काय?

तोडफोड करू नका. सोफा भिंतीला लावा किंवा त्याच्या पाठीशी एखादं ठेंगणं कपाट ठेवा. संध्याकाळी छतातले दिवे बंद, कोपऱ्यात उभा दिवा एक. एक फळी पूर्ण रिकामी करा आणि रिकामीच राहू द्या. हळूहळू तिथे काय येऊन बसतं ते बघू. आणि हो, हॉलच्या मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा. ती खणखणली तर खोलीत कापड कमी आहे. गुळगुळीत फरशी, काच आणि लॅमिनेट आवाज परतवतात. अशा खोलीत माणसं नकळत कमी बोलतात, किंवा ओरडून बोलतात. जाड सतरंजी आणि घडीचे पडदे यांनी निम्मा फरक तिथेच पडेल.

नवऱ्याला काहीच सांगू नका. सोफा सरकवायला बोलवा.

प्रश्न : ताई, मी भाड्याच्या खोलीत राहतो. खिळा ठोकायचा नाही, रंग द्यायचा नाही, घरमालकाचाच पलंग, घरमालकाचंच कपाट. दोन वर्षांत बदलीची शक्यता. अशा खोलीवर जीव लावण्यात अर्थ आहे का?

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. दोन वर्षं म्हणजे काही फलाटावर काढायचा वेळ नव्हे.

आधी बल्ब बदल. घरमालक बहुतेक ६५०० केल्विनचा पांढराफटक बल्ब लावून देतात, कारण त्याचा उजेड भरपूर वाटतो. रात्रीच्या वेळी तो डोळ्यांना दिवस असल्याचं सांगत राहतो. आपल्या डोळ्यांत काही पेशी केवळ उजेड मोजून शरीराचं घड्याळ लावण्याचं काम करतात, आणि निळसर प्रकाशाला त्या जास्त जागतात. २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब घे. खोक्यावर ‘सीआरआय’ नावाचा आकडा असतो, तो ९० किंवा वर असलेला बघ. त्याने पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि आरशातला स्वतःचा चेहरा खऱ्या रंगात दिसतो. दिवा टेबलावर, बसल्यावर डोळ्यांच्या खाली राहील असा ठेव. छताचा दिवा फक्त झाडलोट करताना आणि हरवलेली वस्तू शोधताना.

मग सकाळी डोळे उघडल्या उघडल्या समोर काय दिसतं ते पाहा. बहुतेक खोल्यांत ते कपाटाचं दार असतं. पलंग फिरवता येत असेल तर खिडकी दिसेल असा फिरव. रॉजर उलरिक या संशोधकांचा १९८४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे : पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. समोर झाड नसेल तर आभाळाचा तुकडाही चालेल. खिडकीतून बाहेर नजर जाऊ दे म्हणजे झालं.

वर मी शिकागोच्या अभ्यासाचं सांगितलं ना, त्यात तरुणांच्या खास वस्तू बहुतेक हाताळायच्या, वापरायच्या होत्या, आणि आजी-आजोबांच्या बघत बसायच्या, म्हणजे फोटो वगैरे. तेव्हा भिंती सजवता येत नाहीत म्हणून हळहळू नकोस. गिटार असेल तर पिशवीतून बाहेर काढून उभी ठेव. सायकलची हत्यारं असतील तर ती नीट मांड. तू जे करतोस ते खोलीत दिसलं की खोली तुझी. बदली झाल्यावर बल्बसकट सगळं सोबत न्यायचं, फक्त जाताना जुना बल्ब परत लाव.

प्रश्न : ध्यानाच्या खोलीला निळा द्यावा की लव्हेंडर? कोणत्या रंगाने मन शांत होतं?

रंगांच्या मानसशास्त्राचे तक्ते मी कधीच भिंतीवरून उतरवले. १९७९ मध्ये एका अमेरिकन नौदल तुरुंगात कोठडीला गुलाबी रंग दिला आणि कैदी निवळतात असा गाजावाजा झाला. तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावाने रंगाला ‘बेकर-मिलर पिंक’ म्हणू लागले. पुढे नीट तुलना करून केलेल्या प्रयोगात त्या रंगाचा असा काही गुण दिसला नाही. तोवर जगभर कितीतरी कोठड्या गुलाबी झाल्या होत्या!

निळा की जांभळा यापेक्षा रंग किती भडक आणि किती गडद, याचा परिणाम जास्त. ध्यानाला मळकट, दबलेली छटा घ्या, मॅट फिनिशमध्ये, म्हणजे भिंत चमकणार नाही. शेडकार्डच्या चौकोनावर विसंबू नका. तोच रंग चार भिंतींवर चढला की दुप्पट बोलतो. मोठ्या पुठ्ठ्याला दोन हात द्या, तो सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर भिंतीशी धरून बघा. तुम्हाला लहानपणापासून निळा आवडत नसेल, तर कुठलाही तक्ता तुम्हाला निळ्यात शांत करणार नाही.

प्रश्न : आई जाऊन तीन वर्षं झाली. तिची खोली आहे तशी आहे. पलंगाशेजारी चष्म्याची डबी, दारामागे शाल. दादा म्हणतो, आता तिथे अभ्यासिका कर. माझा हात धजत नाही आणि खोलीत पाऊलही ठेववत नाही. (नाव छापू नये.)

दादाचं आणि तुमचं भांडण नाही. दोघांनाही ती खोली बंद बघवत नाहीये, एवढंच.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांची आई १९२३ मध्ये गेली. त्याच वर्षी त्यांनी झुरिक सरोवराच्या काठी बोलिंगेनला दगडी बुरुजासारखं एक घर बांधायला घेतलं. पुढे दर चार वर्षांनी, १९२७, १९३१, १९३५ मध्ये, ते त्यात भर घालत गेले. एका भागात फक्त स्वतःपुरती खोली, तिची किल्ली कायम स्वतःजवळ. १९५५ मध्ये पत्नी गेल्यावर, वयाची ऐंशी ओलांडलेली असताना, आणखी एक मजला चढवला. कुणी गेलं की हा माणूस बांधकाम काढायचा. आहे ते न पाडता त्याला जोडून काहीतरी उभं करायचा. तुमच्या प्रश्नाला मला यापेक्षा चांगला दाखला सुचत नाही.

म्हणून कपाटाला हात लावू नका. कपाट उघडलं की दिवस जातो आणि रात्रीची झोपही. पडदे धुवायला काढा, खिडक्या उघडा. मग त्या खोलीत रोज करायचं एक साधं काम घेऊन जा : कपड्यांच्या घड्या घालणं, फोनवर बोलणं, काहीही. आईच्या खुर्चीत बसायचं नसेल तर स्वतःची न्या. आधी तुमची उठबस तिथे सुरू होऊ द्या, फर्निचरचा निर्णय मागाहून.

शाल वापरा. खरंच सांगते, अंगावर घ्या. दारामागे टांगलेली शाल धूळ खाते, आणि तिला हात लावायची भीती वर्षागणिक वाढत जाते. चष्म्याची डबी हवी तर जिथे आहे तिथेच राहू दे, पुढे टेबल आलं तरी टेबलावर. बाकीच्यातलं काय ठेवायचं, कुणाला द्यायचं, हे दादासोबत बसून ठरवा, एका बैठकीत सगळं नको. अभ्यासिका होईल तेव्हा होईल. दादाला म्हणावं, तूही एखाद्या संध्याकाळी इथे येऊन बस. शहाणपण सांगायला नको, नुसता बस.

प्रश्न : माझ्या टेबलावरचा पसारा पाहून नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यातलाच गोंधळ आहे हा. खरं का?

खोली माणसाविषयी बोलते, हे खरं. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम गॉसलिंग आणि सहकाऱ्यांनी ८३ बेडरूम आणि ९४ ऑफिसं अनोळखी माणसांना दाखवली. मालकाला न भेटता, नुसती खोली बघून त्यांनी स्वभावाचे जे अंदाज बांधले, त्यातले काही चांगलेच बरोबर निघाले, विशेषतः माणूस नव्या गोष्टींना किती मोकळा आहे याबद्दलचे. पण पसारा दोन जातींचा असतो. चालू कामाचा पसारा आणि अडलेल्या कामांचा. २०१० च्या एका अभ्यासात, ज्या नोकरदार बायकांनी आपलं घर दाखवताना पसारा आणि अर्धवट कामं यांचाच पाढा वाचला, त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्याने ताण आला की ताणामुळे पसारा डोळ्यांत खुपला, हे त्यावरून ठरत नाही. तुम्ही एवढंच करा : टेबलावरचं जे महिनाभर हललेलं नाही ते उचला. उरलेलं तुमचं काम आहे. नवऱ्याला त्याचं कपाट उघडून दाखवायला सांगा.

प्रश्न : भिंतीवरची चित्रं किती उंचीवर लावावीत? यावरून आमच्यात रोज वाद.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण पावणेपाच फुटांवर. हे माप उभ्याने बघणाऱ्यांचं. जिथे तुम्ही बसता त्या खोलीत वीतभर खाली आणा. खिळा ठोकण्याआधी वर्तमानपत्राचा तेवढाच तुकडा कापून चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस जाता-येता बघा. तरीही वाद मिटला नाही, तर त्या खोलीत जो जास्त वेळ बसतो त्याचं ऐका.