आधी दुसरं गाणं ऐक

चि. बाळ,

रामनवमीच्या कार्यक्रमाचं निवेदन तुझ्याकडे आलंय हे तुझ्या आईकडून कळलं होतंच. तुझा मेसेज वाचून मात्र वाटलं, ते तुला आता नकोसं झालंय. आयोजकांना गदिमांची, म्हणजे ग. दि. माडगूळकरांची, ओळख ‘प्रखर हिंदुत्वाचा उद्गाता’ अशी करून हवी आहे. तुझे कॉलेजातले मित्र म्हणतात, असल्या कवीच्या कार्यक्रमाला उभंच कशाला राहायचं. आणि तू मला विचारतेस, ‘काका, गदिमा नक्की कुठल्या बाजूचे?’

एकमेकांची तोंडं न पाहणाऱ्या या दोन्ही मंडळींचं एका बाबतीत अगदी एकमत आहे. गीतरामायण लिहिलं, म्हणजे माणूस कळला. एकाला त्यावरून हार घालायचाय, दुसऱ्याला दार लावायचंय. बाकीची गाणी ऐकायची तसदी दोघांनीही घेतलेली नाही. मला खरा राग त्याचा येतो. गाणं लिहिणाऱ्याचं मत ठरवायचं असेल तर आधी त्याचं दुसरं गाणं ऐक. मग तिसरं ऐक. मग तो माणूस प्रत्यक्षात काय करत होता ते शोध. हा क्रम मोडायचा नाही.

गीतरामायणापासूनच सुरू करू. १ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर पहिलं गीत लागलं. केंद्रावरच्या सीताकांत लाडांना वर्षभर चालेल अशी संगीतमालिका हवी होती. त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणून गीतं छप्पन्न झाली. दर आठवड्याला गदिमांनी एक गीत लिहायचं, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाल लावायची, तालीम करायची आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. आणि जवळजवळ प्रत्येक गीत रामकथेतल्या कुणाच्या ना कुणाच्या तोंडी आहे, हे लक्षात घे. आपल्या पंचवटीत शूर्पणखा रामाला ‘कोण तू, कुठला’ म्हणून विचारते. तिथेच सीता हरणासाठी हट्ट धरते. शेवटाकडे हीच सीता लक्ष्मणाला विचारते, आता मी जाऊ कुठे? यातलं कवीचं मत कोणतं धरायचं? शूर्पणखेचं? टाकलेल्या बायकोचा प्रश्न ज्यानं रामकथेत तसाच उभा ठेवला, त्याची ओळख एका शब्दात कशी होणार? आणि तुझ्या मित्रांनाही विचार, ते गीत त्यांनी कधी शेवटपर्यंत ऐकलंय का.

आता त्याचं दुसरं गाणं. बेचाळीसच्या धामधुमीत याच माणसानं ‘शाहीर बोऱ्या भगवान’ या नावानं पोवाडे लिहिले. ‘वंदे मातरम्’ हा १९४८ चा चित्रपट घे. वेदमंत्रांहूनही आम्हाला वंदे मातरम् वंद्य आहे, असं म्हणणारं गाणं त्यातलं, गदिमांचंच. ब्राह्मण घरातला मुलगा वेदांच्या वर काय ठेवतो ते बघ. मग १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’. शांतारामबापूंच्या त्या चित्रपटाची कथा गदिमांची. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि त्यांना उघड्या माळावर शेतीला नेणारा जेलर. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. गदिमा औंध संस्थानात शिकले. त्या संस्थानानं गांधींच्या सल्ल्यानं कारभार लोकांच्या हाती दिला होता आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहतही वसवली होती. पुढे साठच्या दशकात, काँग्रेसचं राज्य असताना, राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमलं.

थांब. हे वाचून लगेच संहितेत ‘काँग्रेसवाले गदिमा’ असं खरडू नकोस. तुझ्या वयात पेन फार घाईला येतं. पुन्हा दुसरं गाणं ऐक.

बाबूजींचं काय, हेही तू विचारलंस. त्यांनी कधी काही लपवलं नाही. संघाचे स्वयंसेवक, १९५४ च्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात सामील, आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं सावरकरांवरच्या चित्रपटासाठी खर्च केलेली. तो २००१ मध्ये आला. गदिमा आणि बाबूजी दोघंही १९१९ सालचे. एकाचे शब्द, दुसऱ्याची चाल. चाल लावणाऱ्याची निष्ठा शब्द लिहिणाऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही. आणि गाणाऱ्याची तर दोघांच्याही नाही. स्टेजवर तिघं एकत्र दिसतात म्हणून लोक तिघांचं एकच रेशनकार्ड करून टाकतात.

गाण्याचं तर आणखीच अवघड. ‘उद्धवा, अजब तुझे सरकार’ हे १९६० च्या ‘जगाच्या पाठीवर’ मधलं गाणं. त्यातला उद्धव कृष्णाचा सखा. दोन हजार एकोणीसमध्ये उद्धव ठाकरेंचं सरकार आलं आणि त्या एका ओळीचे किती मथळे झाले, ते तू पाहिलंच असशील. गदिमा जाऊन तेव्हा चाळीस वर्षं उलटली होती. गाणं कोण कशाला वापरतो त्यावरून ते लिहिणाऱ्याचा पक्ष ठरवायचा असेल, तर मेलेल्या माणसाला दर निवडणुकीत पक्षांतर करावं लागेल.

तुझ्या मेसेजच्या शेवटी एक वाक्य आहे, ‘की सरळ म्हणू, कलेत राजकारण आणू नये?’ नको. अजिबात नको. ही पळवाट नाशिकच्या पोरीला शोभत नाही. आपल्या गावात गाण्यामुळे जन्मठेप झालेली आहे. कवी गोविंदांच्या कविता छापल्या म्हणून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोविंदांना राजकारण नव्हतं असं कोण म्हणेल? रणाशिवाय स्वातंत्र्य कुणाला मिळालं, असं विचारणारा कवी तो. पण तोच आधी लावण्या रचायचा. आणि त्यानंच मरणाच्या वाटेवर ‘सुंदर मी होणार’ लिहिलं. एवढंच ऐकलं असतंस तर त्याला संन्यासी समजली असतीस. म्हणून सांगतो, दुसरं गाणं ऐक. राजकारण नाकारायचं नाही. ते नेमकं कुठे आहे ते दाखवायचं आणि नाही तिथे चिकटवायचं नाही.

हा हट्ट मला स्वस्तात मिळालेला नाही. मी निवेदन करायचो तेव्हा एका कार्यक्रमात गीतरामायणातल्या दोन गीतांनंतर लगेच वामनदादा कर्डकांचं गाणं घ्यायचं असं मी ठरवलं होतं. वामनदादा म्हणजे आंबेडकरी शाहीर, आपल्या सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे. ज्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० मध्ये बाबासाहेबांनी पुकारलेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला त्याच पंचवटीत आपण रामाची गाणी गाणार, मग बाबासाहेबांचं गाणं त्याच संध्याकाळी का नको? आयोजक म्हणाले, वातावरण मोडेल. मी म्हणालो, मोडू द्या. ते म्हणाले, मग तुम्हीच नको. पेटीवर बसणारा माझा मित्र तिथेच राहिला, मी उतरलो. लोक आजही म्हणतात, काकांनी आडमुठेपणा केला. मी तसं मानत नाही. मी उतरलो नसतो तर पुढच्या प्रत्येक निवेदनात माझ्या तोंडी कुणीतरी दुसऱ्यानं लिहून दिलेली विशेषणं आली असती. तो मित्र आता नाही. त्याच्याशी पुन्हा बोलणं झालं नाही, एवढं मात्र राहून गेलं. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

असो. तुझ्या कामाचं बोलू. कार्यक्रम सोडू नकोस. उद्गाता, प्रखर, तेजस्वी ही सगळी विशेषणं काढून टाक आणि त्या जागी साल, नाव, गीत कुणाच्या तोंडी आहे ते घाल. शिरवाडकर विद्यार्थी असताना काळारामच्या सत्याग्रहात होते, हे पंचवटीचं गीत येण्याआधी एका वाक्यात सांग. लांबवू नकोस. सीतेचा प्रश्न असलेलं गीत आयोजक वेळेचं कारण सांगून गाळायला बघतील, तेव्हा ते क्रमाच्या मधेच घे, शेवटी ठेवू नकोस. मित्रांना पहिल्या रांगेचे पास दे. येवोत न येवोत.

आणि संहिता आयोजकांच्या हाती द्यायच्या आधी मला पाठव. टाइप करून पाठव, फोटो नको, माझ्या डोळ्यांना आता तुझं अक्षर लागत नाही. मानधनाचं आधीच बोलून घे, नंतर हे लोक फक्त नारळ देतात.

तुझा,
काका